‘चाओ’ : एका अभिवादनशब्दाचा अर्थ आणि व्युत्पत्ती

१

शब्दाची व्युत्पत्ती सांगितली म्हणजे त्याचा अर्थ सांगून झाला, अशी समजूत सुशिक्षित वाचकांत आणि पुष्कळदा भाषेच्या विद्यार्थ्यांतही आढळते. शब्दाचा ‘खरा’ अर्थ त्याच्या मुळाशी असतो आणि पुढे आलेले अर्थ म्हणजे त्या मूळ अर्थाची विकृती किंवा विस्मृती होय, असे गृहीत या समजुतीच्या पाठीशी उभे असते. या गृहीताची परीक्षा करावयाची झाल्यास इटालियन भाषेतील ‘चाओ’ या नित्याच्या शब्दाइतके सोयीचे उदाहरण क्वचितच मिळेल. हा शब्द घरात, रस्त्यात आणि दूरध्वनीवर दिवसातून कितीतरी वेळा उच्चारला जातो. त्याचे मूळ ‘गुलाम’ या अर्थाच्या शब्दात आहे, ही गोष्ट आता कोशांपुरती राहिलेली नाही. सामान्य वाचकांसाठी लिहिलेल्या लेखांतूनही ती सांगितली जाते. तिच्या पाठोपाठ असाही निष्कर्ष काढला जातो की, इटालियन मनुष्य भेटीच्या प्रसंगी नकळत स्वतःला समोरच्याचा गुलाम म्हणवून घेतो. यांपैकी व्युत्पत्ती बरोबर आहे. निष्कर्ष मात्र टिकणारा नाही. बरोबर व्युत्पत्तीतून चुकीचा निष्कर्ष कसा निघतो, हे पाहणे अर्थविचाराच्या अभ्यासकास उपयुक्त ठरेल.

२

प्रथम शब्दाच्या आजच्या अर्थाचा विचार केला पाहिजे. व्युत्पत्तीकडे वळण्यापूर्वी शब्द प्रत्यक्षात काय काम करतो, हे निश्चित केले नाही तर पुढील सारे विवेचन अधांतरी राहते.

इटालियन भाषेत संबोधनाचे दोन स्तर आहेत. आप्त, मित्र, समवयस्क व लहान मुले यांना ‘तू’ म्हणतात. अपरिचित, वडीलधारे अथवा औपचारिक संबंधातील व्यक्ती यांना ‘लेई’ म्हणतात. ‘चाओ’ हा पहिल्या स्तरावरचा शब्द होय. ज्याला ‘तू’ म्हणता येते त्यालाच ‘चाओ’ म्हणता येते. ‘लेई’ म्हणून संबोधावयाच्या व्यक्तीस ‘बुओन्जोर्नो’ म्हणावे लागते, निरोप घेताना ‘आर्रिवेदेर्ला’ म्हणावे लागते, आणि या दोन स्तरांच्या मधल्या जागी लॅटिनमधून आलेला ‘साल्वे’ हा शब्द उपयोगी पडतो. अपरिचित वृद्ध गृहस्थास ‘चाओ’ म्हणणे म्हणजे मराठीत त्यास ‘काय रे’ म्हणण्यासारखे होईल. गुलामाच्या नम्रतेचा येथे मागमूसही नाही. उलट, हा शब्द वापरता येणे हाच जवळिकीचा आणि बरोबरीचा पुरावा ठरतो.

दुसरी गोष्ट अशी की, ‘चाओ’ भेटताना आणि निरोप घेताना, अशा दोन्ही प्रसंगी चालतो. इतर इटालियन अभिवादनांचे तसे नाही. ‘बुओन्जोर्नो’मध्ये दिवसाच्या वेळेचा निर्देश आहे, ‘आर्रिवेदेर्ची’मध्ये पुन्हा भेटण्याची अपेक्षा आहे, ‘अद्दिओ’मध्ये देवाच्या स्वाधीन करण्याची कल्पना आहे आणि म्हणून तो कायमच्या वियोगाकडे झुकतो. ‘चाओ’त वेळ नाही, इच्छा नाही आणि आशीर्वादही नाही. याशिवाय ‘झाले, संपले’ अशा अर्थाने एखाद्या विषयावर पडदा टाकण्यासाठीही तो योजिला जातो. हे वैशिष्ट्य कोठून आले, याचे उत्तर शब्दाच्या इतिहासात मिळते. त्याकडे पुढे वळता येईल.

३

व्युत्पत्तीच्या तीन कसोट्या आहेत : ध्वनी, लेख आणि वापर. केवळ अर्थाच्या साम्यावर किंवा केवळ उच्चाराच्या साम्यावर उभारलेली व्युत्पत्ती यांपैकी एखाद्या कसोटीवर तरी कोसळते. व्हिएतनामी भाषेत अभिवादनासाठी ‘चाओ’शी उच्चाराने जुळणारा शब्द आहे. उच्चार जवळचा आणि अर्थही तोच. तरीही या दोन शब्दांत कसलेही नाते नाही. म्हणून ध्वनींचा विचार नियमानुसार झाला पाहिजे.

मध्ययुगीन लॅटिनमधील ‘स्क्लावुस’ या शब्दाचे प्रमाण इटालियनमध्ये, म्हणजे मूलतः तोस्काना प्रांताच्या भाषेत, ‘स्क्यावो’ असे रूप होते. लॅटिनमधील ‘क्ल’ या जोडध्वनीचा तोस्कानात ‘क्य’ होतो. हा नियम इतर शब्दांतही दिसतो : किल्लीवाचक ‘क्लाविस’पासून ‘क्यावे’, हाक मारणे या अर्थाच्या ‘क्लामारे’पासून ‘क्यामारे’. परंतु उत्तर इटलीच्या बोलींत याच ‘क्ल’चा ‘च’ होतो. व्हेनिसच्या बोलीत किल्लीला ‘चावे’ आणि हाक मारण्याला ‘चामार’ म्हणतात. पोर्तुगीज भाषेतही शब्दारंभीच्या ‘क्ल’चा असाच ‘च’ झाला, आणि त्या भाषेतील किल्लीवाचक शब्द गोव्याच्या व कोकणच्या किनाऱ्यावरून मराठीत शिरून ‘चावी’ झाला. मराठी वाचकाच्या रोजच्या वापरातील हा शब्द त्याच ध्वनिपरिवर्तनाची साक्ष देतो.

या नियमानुसार ‘स्क्लावुस’चे उत्तरेकडील रूप ‘स्-चावो’ असे होते. त्यात ‘स’ आणि ‘च’ हे दोन्ही ध्वनी वेगवेगळे उच्चारले जातात. दोन स्वरांमधील ‘व’ गळून ‘स्-चाओ’ हे रूप सिद्ध झाले. तोस्कानाच्या उच्चारात ‘स्-च’ असा जोडध्वनी नाही; त्यामुळे शब्द उत्तरेकडून प्रमाण भाषेत आला तेव्हा आरंभीचा ‘स’ही सुटला आणि ‘चाओ’ उरला. प्रमाण इटालियनमध्ये गुलामाला आजही ‘स्क्यावो’ म्हणतात आणि अभिवादनाला ‘चाओ’. एकाच मुळाची ही दोन रूपे भिन्न वाटांनी आल्यामुळे बोलणाऱ्याच्या मनात त्यांचा संबंध उरलेला नाही. अर्थ सुटण्यास रूपाने अशी मदत केली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. बोलणाऱ्याने काही ‘विसरले’ असे म्हणण्यापेक्षा, विसरण्याजोगे काही त्याच्या हाती आलेच नव्हते, असे म्हणणे अधिक यथार्थ होईल.

ध्वनिविचाराची मर्यादाही येथेच नोंदविली पाहिजे. ‘क्ल’चा ‘च’ होणे ही एकट्या व्हेनिसची मिरास नाही. मिलान ज्यात येते त्या लोम्बार्दिया प्रांताच्या बोलींतही तो होतो. ध्वनी उत्तर इटलीपर्यंत नेऊन सोडतात. व्हेनिसपर्यंत पोहोचण्यासाठी लेखांचा आधार घ्यावा लागतो.

४

लेखांच्या आधारे मागे जाऊ लागले असता ‘स्क्लावुस’ हे आरंभी एका लोकसमूहाचे नाव होते असे दिसते. स्लाव लोक स्वतःला ज्या नावाने ओळखत त्याचे बायझंटाइन ग्रीकमध्ये ‘स्क्लाबेनोस’ व ‘स्क्लाबोस’ असे रूपांतर झाले. ग्रीक भाषेत शब्दारंभी ‘स्ल’ हा जोडध्वनी नसल्यामुळे मध्ये ‘क’ आला आणि तेच रूप लॅटिनने उचलले. स्लावांच्या मूळ नावाचा संबंध अनेक अभ्यासक ‘शब्द’ या अर्थाच्या ‘स्लोवो’शी जोडतात, म्हणजे ‘ज्यांचे बोलणे समजते ते’ असा त्याचा अर्थ होतो. त्याच भाषांत जर्मनांना मिळालेले नाव ‘मुके’ या अर्थाच्या शब्दाशी संबंधित आहे, ही गोष्ट या मताला पोषक मानली जाते.

लोकनामाचे दास्यनाम कसे झाले, याचा सविस्तर शोध बेल्जियन इतिहासकार शार्ल व्हर्लिंडन यांनी १९४० नंतरच्या दशकात घेतला. दहाव्या शतकात जर्मन राजांच्या पूर्वेकडील मोहिमांत मोठ्या संख्येने स्लाव लोक बंदी झाले आणि विकले गेले. त्या काळच्या जर्मन प्रदेशातील लॅटिन लेखांत ‘स्क्लावुस’ हा शब्द ‘दास’ या अर्थी येऊ लागतो. अरबी भाषेतही स्लावांचे ‘सकालिबा’ हे नाव दासांसाठी रूढ झाले. जुन्या लॅटिनमधील ‘सेर्वुस’ हा दासवाचक शब्द तोवर जमिनीला बांधलेल्या कुळासाठी वापरला जाऊ लागला होता. बाजारात विकत घेतलेल्या परदेशी माणसासाठी वेगळा शब्द हवा होता. ती गरज एका लोकसमूहाच्या नावाने भागविली. १९७० साली जर्मन अभ्यासक गेओर्ग कोर्थ यांनी दासवाचक शब्दाचे मूळ ‘लूट करणे’ या अर्थाच्या ग्रीक क्रियापदात शोधण्याचा प्रयत्न केला. परंतु अरबीतील समांतर अर्थपरिवर्तन आणि लेखांचा कालक्रम या दोहोंचा विचार करता लोकनामाचा पक्ष अधिक सबळ वाटतो, आणि बहुतेक कोशांनीही तोच स्वीकारला आहे.

व्हेनिस नगरीचा या व्यापाराशी निकटचा संबंध होता. गुलामांच्या व्यापाराला बंदी करणारा हुकूम तेथे ९६० साली निघाला. पुढील शतकांत हा व्यापार काळ्या समुद्राच्या किनाऱ्यावरील काफा, ताना अशा बंदरांतून चालूच राहिला, यावरून त्या बंदीचे सामर्थ्य कळून येते. फ्लॉरेन्सने १३६३ साली ख्रिस्ती नसलेले गुलाम आणण्यास रीतसर परवानगी दिली. त्या काळातील तोस्कानाच्या घराघरांतील पूर्वेकडील गुलामांचे जे चित्र आयरिस ओरिगो यांनी १९५५ सालच्या आपल्या निबंधात उभे केले आहे, ते वाचल्यावर ‘स्क्यावो’ हा शब्द एकेकाळी रूपकात्मक नव्हता याची खात्री पटते.

परंतु व्हेनिसमध्येच हे लोकनाम सन्मानानेही नांदत होते. दाल्मात्सियाच्या किनाऱ्यावरून येणाऱ्या स्लाव व्यापाऱ्यांना व खलाशांना तेथे ‘स्क्यावोनी’ म्हणत. त्यांच्यावरून नगराच्या एका धक्क्याला ‘रीवा देल्यी स्क्यावोनी’ हे नाव पडले. १४५१ साली त्यांचा धार्मिक संघ स्थापन झाला आणि त्याच्या वास्तूसाठी सोळाव्या शतकाच्या आरंभी कार्पाच्चोने चित्रे रंगविली. म्हणजे एकाच नगरात एका मुळाचे शब्द शेजाऱ्याचे नाव, विकत घेतलेल्या माणसाचे नाव आणि सभ्य माणसाचे अभिवादन अशी तीन कामे करीत होते. यांतील एकाचा अर्थ दुसऱ्याच्या अर्थावरून ठरविता येत नाही, हे व्हेनिसच्या रस्त्यावर फिरणारा मनुष्य कोणत्याही कोशाशिवाय जाणत होता.

५

‘गुलाम’ या अर्थापासून ‘नमस्कार’ या अर्थापर्यंत शब्द एकदम उडी मारीत नाही. मधली पायरी आहे ती शिष्टाचाराच्या वाक्याची : ‘मी आपला दास आहे’, ‘आपला दास’. १७५३ साली व्हेनिसच्या रंगभूमीवर आलेल्या कार्लो गोल्दोनी याच्या ‘ला लोकान्दिएरा’ या नाटकात सभ्य गृहस्थ एकमेकांचा निरोप घेताना ‘दास’ हा शब्द अशाच शिष्टाचारार्थाने उच्चारतात. हे बोलणारे कोण आहेत, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. ते उमराव आहेत आणि प्रतिष्ठित नागरिक आहेत. ज्याला विकले जाण्याचे भय नाही त्यानेच स्वतःला दास म्हणवून घ्यावे, अशी या शिष्टाचाराची अलिखित अट असते. खऱ्या गुलामाने मालकाला ‘मी आपला गुलाम’ असे म्हटले तर ते अभिवादन होत नाही. ते वस्तुस्थितीचे निवेदन होते. स्वतंत्र माणसाने स्वतंत्र माणसाला तेच म्हटले म्हणजे त्याला सौजन्याची किंमत येते, कारण ते खरे नाही हे दोघांनाही ठाऊक असते.

‘चाओ’विषयीच्या लोकप्रिय स्पष्टीकरणाचा दोष येथे उघड होतो. ते मधली पायरी गाळते. ‘गुलाम’ आणि ‘नमस्कार’ ही दोन टोके शेजारी ठेवली की चमत्कार दिसतो. मधले वाक्य परत आणले की चमत्कार नाहीसा होऊन एक सर्वसामान्य भाषिक प्रक्रिया दृष्टीस पडते. ही प्रक्रिया इटलीपुरती नाही. ऑस्ट्रिया व बव्हेरिया येथे मित्र भेटताना व निघताना ‘सेर्वुस’ म्हणतात. तो लॅटिनमधील दासवाचक शब्दच होय. हंगेरीत तो ‘सेर्वुस’ या रूपाने चालतो, पोलंड व रुमानिया येथेही तो पोहोचलेला आहे, आणि तोही औपचारिक नाही. स्वीडिश भाषेतील ‘सेवक’ या अर्थाचा शब्दही मित्रांमधील अभिवादन झाला आहे. फारसीत ‘बंदा’ म्हणजे दास, ‘बंदगी’ म्हणजे दास्य. हीच ‘बंदगी’ उत्तर भारतात सलामाच्या अर्थाने चालत आली.

मराठी पत्रव्यवहारानेही हीच रीत पाळली आहे. ‘शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष’ हा मायना लिहिणारा मनुष्य जमिनीवर आडवा पडत नाही. ‘शि. सा. न. वि. वि.’ अशी अक्षरे उरल्यावर तर त्यातील प्रत्येक शब्दाचा स्वतंत्र अर्थ संपून केवळ पत्र रीतीने सुरू झाल्याची खूण शिल्लक राहते. ‘आपला आज्ञाधारक’ अशी सही करणाऱ्याकडून कोणी आज्ञापालनाची अपेक्षा करीत नाही. वारंवार वापराने शब्द झिजतात आणि ज्या शब्दांकडून अर्थाची अपेक्षा सर्वांत कमी असते ते सर्वांत लवकर झिजतात. पोर्तुगीजमधील ‘आपली कृपा’ या अर्थाचे आदरार्थी संबोधन झिजून ‘व्होसे’ हे साधे सर्वनाम झाले, तेही याच मार्गाने.

‘चाओ’ दोन्ही प्रसंगी का चालतो, याचा उलगडाही आता होतो. ‘मी आपला दास’ हे वाक्य दोन व्यक्तींमधील संबंध सांगते. ते वेळ सांगत नाही, निघण्याचा किंवा येण्याचा निर्देश करीत नाही. संबंध भेटताना जितका खरा तितकाच निघताना खरा; म्हणून ते दारात शिरतानाही म्हणता येते आणि दाराबाहेर पडतानाही. शब्दार्थ गेला, पण वाक्याने घालून दिलेली वापराची चौकट राहिली. ऑस्ट्रियातील ‘सेर्वुस’चेही तेच आहे. व्युत्पत्तीने आजच्या अर्थावर प्रकाश पडतो तो असा. मूळ अर्थ आजच्या शब्दात लपलेला आहे असे मानल्याने तो पडत नाही.

६

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा शब्द व्हेनिस व लोम्बार्दिया यांच्या पलीकडच्या लोकांच्या कानी पडू लागला. तोस्कानातील कोर्तोना गावचा नाटककार फ्रान्चेस्को बेनेदेत्ती याने १८१८ साली मिलानहून लिहिलेल्या पत्रात, तेथील मंडळी आपल्याला ‘चाउ’ म्हणू लागली आहेत, असे कौतुकाने कळविले. पुढे १८२१ साली इटलीविषयीचा आपला ग्रंथ प्रसिद्ध करणाऱ्या आयरिश लेखिका लेडी मॉर्गन यांनी मिलानच्या नाट्यगृहात एकमेकांना भेटणाऱ्या प्रतिष्ठितांच्या तोंडी हाच शब्द ऐकून नोंदविला. बेनेदेत्तीची नोंद विशेष बोलकी आहे. तोस्कानाच्या माणसाला शब्द नवा वाटतो, आणि तो आपल्याला उद्देशून वापरला जाणे ही मैत्रीची खूण आहे असेही त्याला जाणवते. म्हणजे दास्याचा शिष्टाचार सरून जवळिकीचा अर्थ तोवर स्थिर होऊ लागला होता.

यानंतरचा प्रसार उत्तरेकडून दक्षिणेकडे झाला आणि संपूर्ण इटलीत शब्द सर्वसामान्य होण्यास विसावे शतक उजाडावे लागले. देशाबाहेर तो स्थलांतरितांबरोबर गेला. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिश व पोर्तुगीज भाषांत तो निरोपापुरता स्वीकारला गेला. भेटीसाठी त्या भाषांना स्वतःचे शब्द पुरेसे होते. जर्मनमध्येही तो प्रामुख्याने निरोपाचाच शब्द आहे. उसना शब्द आपला सारा संसार घेऊन येत नाही. घेणाऱ्या भाषेत जेवढी जागा रिकामी असेल तेवढीच त्याला मिळते. इंग्रजी वाचकांपुढे तो १९२९ साली अर्नेस्ट हेमिंग्वे यांच्या पहिल्या महायुद्धातील इटालियन आघाडीवरच्या कादंबरीतून आला. १९५९ साली सान्रेमो महोत्सवात पहिल्या आलेल्या दोमेनिको मोदून्यो यांच्या गीताने तो इटालियन न येणाऱ्यांच्याही ओठी बसविला.

परिणामी अनेक भाषांत या एका मुळाची दोन अपत्ये शेजारी नांदतात. पोर्तुगीजमध्ये दासासाठी ‘इश्क्रावु’ आणि निरोपासाठी ‘चाउ’. जर्मनमध्ये ‘स्क्लावे’ आणि ‘चाउ’. फ्रेंच व इंग्रजी यांचीही तीच गत. बोलणाऱ्याला त्यांतील नाते जाणवत नाही.

या प्रवासाचे अखेरचे वळण विचार करावयास लावणारे आहे. हा शब्द स्लाव भाषांतही गेला. सर्बियन, क्रोएशियन, स्लोव्हेनियन, बल्गेरियन, चेक व स्लोव्हाक बोलणारे लोक एकमेकांना ‘चाओ’ किंवा ‘चाउ’ म्हणतात. ज्यांच्या नावापासून युरोपने गुलामाचे नाव घडविले, त्यांच्याकडेच ते नाव नमस्कार होऊन परतले. बेलग्रेडचा तरुण मित्राला ‘चाओ’ म्हणतो तेव्हा तो आपल्या पूर्वजांच्या दास्याचा उच्चार करतो, असे म्हणणे हास्यास्पद होईल. त्या उच्चारात मैत्रीखेरीज काही नाही.

७

येथवरच्या विवेचनावरून दोन टोकाच्या भूमिका त्याज्य ठरतात. पहिली, मूळ अर्थाला आजच्या अर्थाचा न्यायाधीश करणारी. भारतीय शास्त्रकारांनी शब्दाची यौगिक शक्ती आणि रूढ शक्ती असा भेद करून, दोहोंत विरोध आल्यास रूढी बलवत्तर मानली. ‘चाओ’च्या बाबतीत तर रूढीने योगाला पूर्णपणे बाजूस सारले आहे. तेव्हा शब्दातील जुना अपमान आजच्या बोलणाऱ्याच्या माथी मारणे, किंवा त्याच्या तोंडी नसलेली नम्रता त्याला बहाल करणे, या दोन्ही गोष्टी अर्थविचाराच्या कक्षेबाहेरच्या होत.

दुसरी भूमिका याच्या उलट आहे. अर्थ वापरानेच ठरत असेल तर व्युत्पत्ती ही केवळ हौस होय, असे ती म्हणते. परंतु शब्द दोन्ही प्रसंगी का चालतो, बरोबरीच्या लोकांतच तो का रुजला, त्याच्या आरंभीचा ‘स’ कोठे गेला आणि त्याचे प्रमाण भाषेतील भावंड इतके वेगळे का दिसते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर वर्तमान वापराच्या वर्णनातून मिळत नाही. शिवाय काफा आणि ताना येथून जहाजात घातलेल्या माणसांपैकी बहुसंख्यांची नावे कोणत्याही दप्तरात राहिली नाहीत. त्यांच्या अवस्थेचा सामूहिक उल्लेख युरोपीय भाषांतील दासवाचक शब्दाने जपला आहे. तो पुसून टाकण्याचा अधिकार भाषाशास्त्राला नाही.

व्युत्पत्ती शब्दाचा गतकाळ सांगते, वापर त्याचा अर्थ सांगतो. आणि एकातून दुसरे कसे निष्पन्न झाले हे टप्प्याटप्प्याने दाखविणे, हे अभ्यासकाचे काम होय. ‘गुलाम’ आणि ‘नमस्कार’ यांच्या मधोमध गोल्दोनीच्या पात्रांचे ते शिष्टाचाराचे वाक्य उभे आहे. ते गाळले की व्युत्पत्तीची आख्यायिका होते. ते जागेवर ठेवले की तिचे शास्त्र होते. मराठीतील अभिवादने, मायने आणि आदरार्थी संबोधने यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने अशी मधली वाक्ये शोधण्यापासून आरंभ करावा. जुन्या पत्रव्यवहारात त्यांचा साठा विपुल आहे.